देवाजवळच्या दोन परड्या

आज केशोरीकडच्या एका लग्नात टेबलांवरच्या फुलांच्या परड्या सजवून आले. बांबूची परडी, धानाच्या लोंब्या अन् आमच्याच वावरातला झेंडू. "ताई, प्लास्टिकचं एकही फूल नको," नवरीनंच बजावलं होतं.

दोन परड्या गणपतीच्या चौरंगाजवळही ठेवल्या. नवरीचे काका खूश. "मस्त बनवल्या जी!"

तेवढ्यात माझ्या भावाचा फोन आला. सवयीनं म्हटलं, "जय भीम, दादा."

काकांचा चेहराच बदलला. "देवाजवळच्या उचला, बाई. टेबलावरच्या राहू द्या."

"काऊन जी, काय चुकलं?"

काकांनी माझ्यासमोर चौरंगाजवळ प्लास्टिकची फुलं आणून ठेवली. नवरी बघून राहिली होती.

मले एकच सांगा, ती प्लास्टिकची फुलं कोणाच्या हातची, हे कोणी विचारलं का हो?