बाकड्याची मोजणी

प्रिय रूथ आणि सॅमी,

आपल्या स्वयंपाकघरातलं सिंक बबनरावांच्या जागेत आहे.

परवा व्हिडिओ कॉलवर रूथने विचारलं, "आजी, ओट्यावरून ती लाल रेघ कसली गेलीय?" मी काही बोलायच्या आत तुमचा बाबा हसायला लागला, "तो आईचा पराक्रम!" तो त्याच्या पद्धतीने सांगण्याआधी मीच लिहिलेलं बरं. त्याच्या गोष्टीत मी भांडखोर असते. माझ्या गोष्टीत मी फक्त बरोबर असते.

आपल्या फाटकाबाहेर, आपली आणि बबनरावांची भिंत मिळते तिथे, शहाबादी फरशीचं एक बाकडं आहे. आजोबांनी ते बांधून घेतलं तेव्हा शेजारचे पुढचे सगळे प्लॉट मोकळे होते, आणि नगरच्या या सावेडीतली माणसंही गप्पांना मोकळी होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आजोबांचं जग आखडत आखडत त्या बाकड्यापर्यंत आलं आहे. फाटक ते बाकडं, एवढंच त्यांचं नगर. तिथे बसून ते पेपर वाचतात, रस्त्याने जाणाऱ्याला हाका मारतात आणि मला न विचारता वाटेल त्याला चहाला बोलावतात.

बबनराव मूळचे शेवगावकडचे. नागापूरला त्यांचं वर्कशॉप आहे. आपल्या भिंतीला भिंत लावून त्यांनी घर बांधलं तेव्हा ते देवमाणूस होते. मग त्यांनी गाडी घेतली. गाडी एवढी मोठी, की फाटकातून आत वळवताना बाकडं आडवं येई.

"बाई, ह्ये बाकडं काढायला लागतंय." (मी इंग्रजी शिकवायचे, म्हणून घरांची ही सगळी ओळ मला बाई म्हणते, आणि माझ्यामुळे आजोबांना सर. बबनरावांना मी शिकवलेलं नाही. ते दिसतंच.)

"का म्हणून?"

"माझ्या हद्दीत हाय."

"बबनराव, तुम्ही कॉलनीत यायच्या आधीपासून ते इथे बसलंय!"

"बसलंय न्हवं. पर कुनाच्या जागंवर?"

दुसऱ्या दिवशी मी बाकड्यामागच्या भिंतीवर रंगाने, पट्टी लावून, सुबक इंग्रजीत 'प्रायव्हेट प्रॉपर्टी' असं लिहिलं. इंग्रजीत लिहिलं की कायद्याचं वाटतं. संध्याकाळी पाहते तर खाली मराठीत उत्तर आलेलं: 'व्हय, माझी.'

मग त्यांनी गाडी बाकड्याला अगदी खेटून लावायला सुरुवात केली. आजोबांना पाय ठेवायला जागा उरेना. ते बाकड्यावर आडवे बसून, मान वळवून रस्ता बघू लागले. ते दृश्य मला पाहवेना. मी घरातली खुर्ची नेऊन गाडीच्या मागे मांडली, छत्री उघडली आणि विणायला बसले.

"बाई, गाडी काढायचीय."

"काढा की. आधी मला काढा."

बबनराव त्या दिवशी रिक्षाने वर्कशॉपला गेले. मी जिंकले! (मान आठवडाभर आखडली होती, ते सोडा.)

पण रोज उठून छत्री घेऊन बसणं शिकलेल्या बाईला शोभत नाही. मी सरकारी मोजणीचा अर्ज ठोकला. आजोबा म्हणाले, "अगं, कशाला मोजायला जातेस? आहे ते बरं चाललंय."

"बरं? तुम्ही आडवे बसता ते बरं?"

मोजणीवाले साहेब यंत्र घेऊन आले. सगळी ओळ बघायला जमली. जमणारच, मीच घरोघरी निमंत्रणं दिली होती! साहेब मोजणीचा दांडा धरून चालत आमच्या फाटकातून आत आले. मग व्हरांड्यात. मग थेट स्वयंपाकघरात.

"साहेब, हद्द बाहेर आहे," मी म्हणाले.

"हद्द आत आलीय. कुकर जरा बाजूला घ्या."

आणि त्यांच्या माणसाने आमच्या फरशीवरून, ओट्यावरून, पार भिंतीपर्यंत लाल रंगाची रेघ ओढली. गॅस अलीकडे, सिंक पलीकडे! आपलं घर दोन फूट बबनरावांच्या प्लॉटमध्ये होतं.

बबनराव दारात उभे राहून खदाखदा हसत होते. "म्हंजी भांडी माझ्या जागंत घासता व्हय, बाई?" मग उत्साहाच्या भरात म्हणाले, "साहेब, यंत्र आनलंच हाय तर माझीबी हद्द बगा की!"

साहेबांनी बघितली. बबनरावांच्या पोर्चची कड आणि त्यातल्या गाडीची एक बाजू पलीकडच्या सोनवण्यांच्या जागेत निघाली. सोनवण्यांची बाथरूम त्यांच्या पलीकडच्यांच्या जागेत. ओळीतल्या शेवटच्या घराचा जिना तर सरळ रस्त्यात!

झालं होतं असं, की इथे प्रत्येकाने घर बांधताना शेजाऱ्याच्या भिंतीला टेप लावली आणि तिथून आपला प्लॉट मोजला. सरकारी मोजणी कोण करत बसणार! अगदी पहिल्या घरवाल्याने कोपऱ्यातल्या बाभळीचे काटे नकोत म्हणून दोन फूट सोडून पाया घेतला. बाभूळ कधीच गेली. ते दोन फूट मात्र घराघरातून सरकत राहिले.

आता सगळी ओळ माझ्याकडे वळली. "बाई, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे?" सोनवणेबाई तर रडवेल्या झाल्या. "आता आंघोळीला कुणाची परवानगी काढू?"

"ते नंतर," मी म्हणाले. "साहेब, बाकडं कुणाचं?"

"बाकडं? ते रस्त्यात येतं. ना तुमचं, ना त्यांचं. महापालिकेला कळवलं तर उचलून नेतील."

बबनरावांचा चेहरा उजळला. "मग कळवतोच!"

"कळवा!" मी ओरडले. "येऊ द्या त्यांना. बाकड्यावर आले की तुमचा पोर्चही त्यांना दिसेल, आणि तो जिनाही! माझा ओटा पाडा, मी अंगणात चूल मांडीन. पण बाकडं उचलायचं तर ह्यांच्यासकट उचलावं लागेल!" (आजोबांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.)

बबनराव काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या पत्नी मंदाताईच पुढे आल्या. "न्हाई उचलायचं! सांजच्याला मी कुठं बसू? तुमच्या गाडीत? दिसभर घरातल्या भित्ती बगायच्या, आन त्याबी दुसऱ्याच्या जागंतल्या!"

आणि त्या जाऊन बाकड्यावर बसल्या. शेजारी सोनवणेबाई बसल्या. मग जिन्यावाल्यांच्या सासूबाई, मग त्यांची सून. बाकडं भरलं. काठी टेकत आजोबा तिथे पोचले आणि हळूच म्हणाले, "मला कुणी जागा देईल का?"

कुणी जागचं हलेना. शेवटी बबनरावच खेकसले, "अगं सरका की जरा! सरान्ला बसू द्या!"

त्यानंतर त्यांनी आपलं फाटक पार दुसऱ्या टोकाला नेलं. म्हणजे सोनवण्यांच्या जागेत.

तुमचा बाबा म्हणतो, घर विका आणि पुण्याला फ्लॅटमध्ये या. मी नाही येणार. विकायचं तर आधी लाल रेघेबद्दल सांगावं लागेल, आणि ती मी घासून पाहिली, निघत नाही. पावसाने माझं इंग्रजी धुऊन गेलं. 'व्हय, माझी' तेवढं भिंतीवर ठळक आहे.

बाकडं अजून तिथेच आहे, आणि आजोबा त्यावर समोर तोंड करून बसतात. मी आपल्या जागेत स्वयंपाक करते, बबनरावांच्या जागेत भांडी घासते. आणि आमटी खारट झाली, की मीठ पलीकडच्या हद्दीत पडलं असं आजोबांना सांगते.