मुठी दाराकडे

आमच्या विमानतळापासून लेकीच्या विमानतळापर्यंत जायला रस्त्याने पाच तास लागतात, विमानाने पस्तीस मिनिटं आणि आमच्या ह्यांच्या अबोल्याने आठ महिने. शेवटचं अंतर मी स्वतः मोजलंय.

हे अठ्ठावीस वर्षं विमानात सामान चढवतात. ह्यांचा एकच हट्ट, बॅगेची मूठ दाराकडे हवी. पलीकडे उतरवणाऱ्याचा हात थेट मुठीवर पडला पाहिजे, उगाच कुणाची कंबर मोडायला नको. घरातसुद्धा कपाटातल्या कपांचे कान बाहेरच. लेक हे काम ह्यांच्याच हाताखाली शिकली आणि एक दिवस ह्यांना न विचारता तिकडे मुकादम म्हणून रुजू झाली. ह्यांचं तोंड जे फुगलं ते फुगलंच. तीही बापाचीच, नाकावर माशी बसू देत नाही. ‘तिला सांग’, ‘त्यांना सांग’ ऐकून माझे कान किटले. शेवटी मी निरोप पोचवणंच बंद केलं. बोलायचं असेल तर स्वतः बोला म्हटलं.

रोज सकाळी ह्यांनी भरलेलं विमान तिकडे जायचं, दुपारी तिने भरलेलं इकडे यायचं. आणि दोघं मुके.

गेल्या महिन्यात एका दुपारी हे तणतणत घरी आले. तिकडून आलेल्या झाडून सगळ्या बॅगांच्या मुठी आत होत्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, तुझ्या लेकीला कुणी काही शिकवलंय की नाही? चांगली वागली की ती ह्यांची, चुकली की माझी. मी ताट वाढलं.

चौथ्या दिवशी बूटसुद्धा न काढता ह्यांनी फोन लावला.

“मुठी दाराकडे,” एवढंच म्हणाले. ना हॅलो, ना कशी आहेस.

पलीकडे ती आधी हसली, मग रडली. ह्यांचा फोन कायम स्पीकरवर, मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

“बाबा, चार दिवस वाट बघतेय. तुमच्याशिवाय हे कुणाच्या लक्षात येणार होतं?”

हे खुर्ची ओढून बसले. मग तासभर बोलत होते, मला फोन दिलाच नाही. मला इतका आनंद झाला की दूध उतू गेलं तरी भान नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं विमानाने निघालो. अठ्ठावीस वर्षांत हे पहिल्यांदाच प्रवासी म्हणून बसले. आमची बॅग कामावरच्या सोबत्यांना सगळ्यात शेवटी, दाराशी ठेवायला लावली होती. पस्तीस मिनिटं हे सारखे घड्याळ बघत होते. इतकं जवळ होतं होय, असं दोनदा म्हणाले.

जिना उतरताना लेक दिसली. सामानाचं दार उघडलं, आमच्याकडे बघत हसतच तिने हात आत घातला. हात बरोबर मुठीवर पडला.

ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“बघ,” म्हणाले, “माझी लेक.”