बुजवलेला तडा

तडा दिसला की माझा हात आपोआप खडूकडे जायचा. ही सवय मला हमरियातल्या नोकरीने लावली. आम्ही तेव्हा शारजात राहायचो. नवरा दुबईत नोकरीला, त्याचे रोजचे चार तास ट्रॅफिकमध्येच जायचे. मी मात्र उलट्या दिशेला, हमरियाच्या फ्री झोनमधल्या दगडाच्या कारखान्यात. पुण्यात भूशास्त्र शिकलेली बाई, आणि काम काय, तर बाहेरून आलेले ठोकळे आणि कापलेल्या लाद्या तपासायच्या. दगडावर पाणी ओतायचं आणि बघत उभं राहायचं. दगड वाळतो, पण तडा असेल तिथे काळी ओली रेघ मागे राहते. त्या रेघेवर मी खडू ओढायचे, मिस्त्री पातळ रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारा गोंद, भरायचा, वर पॉलिश. मग ब्रह्मदेवालाही तडा सापडायचा नाही. माझ्या नजरेतून तडा सुटत नाही असं यार्डात सगळे म्हणायचे, आणि ते ऐकायला मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

शतक संपायच्या सुमारास, एका थंडीत, आमच्याकडे एक जर्मन शिल्पकार आला. शारजातल्या एका नव्या इमारतीच्या अंगणात त्याला एक दगड उभा करायचा होता. साठी उलटलेला, उंच, कमी बोलणारा. मॅनेजरने त्याला माझ्या गळ्यात घातलं. का, तर माझं इंग्लिश बरं!

दोन दिवस म्हातारा यार्डात नुसता फिरला. हातोडीने ठोकळे वाजवायचा, कान लावून ऐकायचा. तिसऱ्या दिवशी त्याने नेमका मी लाल फुली मारलेल्या ठोकळ्यावर हात ठेवला. ओमानहून आलेला, माणसाहून उंच, आणि वरपासून खालपर्यंत तडा.

"हा," तो म्हणाला.

"अहो, हा रिजेक्ट आहे!"

"हो. हाच."

माझं डोकंच फिरलं. अर्धा तास त्याला समजावलं. हा कधीतरी फुटणार, सरळ दोन तुकडे होतील. तो प्रत्येक वाक्याला खुशीत मान डोलवून "येस, येस, मॅडम" म्हणत राहिला. मला वाटलं, ह्याला इंग्लिशच कळत नाही, आता कुठे डोकं फोडून घेऊ?

मग चहा पिताना त्याने आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. तीन बोटं पांढरीफटक. आयुष्यभर हातोडा चालवून त्यांतली जाणीव जात चालली होती, डॉक्टरने हातोडा ठेवून द्यायला सांगितलं होतं. "हा माझा शेवटचा मोठा दगड," तो म्हणाला. "ह्याच्यानंतर लहान."

त्याच आठवड्यात हात दाखवायला तो दहा दिवस जर्मनीला गेला. इकडे माझ्या डोक्यात एकच. बिचाऱ्याचा शेवटचा दगड, आणि तोही फुटका! मी ठरवून टाकलं. मिस्त्री राजस्थानचा, दगडातच वाढलेला. तो म्हणाला, "मॅडम, एक बार पूछ तो लो." मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, त्याचं भलंच करतेय ना? त्याच दगडाची भुकटी मिसळून आम्ही तडा भरला, चार दिवस घासून सारखा केला. माझी नोकरीतली सगळ्यात सुंदर कामगिरी होती ती. आजही सांगते, तोड नव्हती.

म्हातारा परत आला तो माझ्या मुलीसाठी चॉकलेटचा डबा घेऊन. डबा माझ्या हातात दिला, बादली उचलली आणि दगडावर पाणी ओतलं. बघत राहिला. दगड सगळीकडून सारखा वाळला. पुन्हा ओतलं. दगडाभोवती एक चक्कर मारली.

"माझी रेघ कुठे आहे?"

"भरली!" मी म्हटलं, आणि कौतुकाची वाट बघत हसत उभी राहिले.

तो खाली वाळूत बसला. मग हळूहळू, एकेक शब्द शोधत त्याने सांगितलं. त्या रेघेवर पोलादी पाचरी ठोकून तो दगड उभा फोडणार होता. मग दोन्ही अर्धे एकमेकांना लावून पुन्हा होते तसेच उभे करणार होता. ती रेघ हेच त्याचं शिल्प होतं. म्हणजे 'फुटणार' म्हटल्यावर तो 'येस, येस' म्हणत होता ते अगदी समजून! आता रेझिनने दगड धरून ठेवला होता. पाचर मारली तर तो कुठेही, कसाही फाटला असता.

मॅनेजर म्हणाला, दुसरा ब्लॉक देऊ, नो प्रॉब्लेम. म्हाताऱ्याने मान हलवली. "दुसऱ्यासाठी हात उरला नाही."

"मी काढते," मी म्हटलं. "रेझिन तीन बोटं आत गेलंय, त्याहून जास्त नाही. मीच भरलंय, मला माहीत आहे. सगळं काढून देते."

"मशीन नाही," तो म्हणाला. मशीनच्या धक्क्याने दगड नको तिथे तडकला असता.

बारीक छिन्नी आणि फडक्यात गुंडाळलेलं करवतीचं पातं. ड्युटी संपली की अंधार पडेपर्यंत, आणि शुक्रवारी सुट्टीचा अख्खा दिवस. हाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. नवरा म्हणाला, "अगं, तू नोकरीला जातेस की खडी फोडायला?" मुलगी म्हणाली, "आई, व्हाय डोन्ट यू जस्ट से सॉरी?"

"सॉरीने रेझिन निघत नाही, बाळा."

मिस्त्री रोज माझ्या छिन्नीला धार लावून द्यायचा. 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही मेला. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

म्हातारा स्टुलावर बसून बघायचा. पहिले चार दिवस अवाक्षर नाही. रागावला होता, आणि राग त्याने लपवलाही नाही. पाचव्या दिवशी आपणहून बोलायला लागला. त्याच्या गावचं मोठं चर्च युद्धात बाँबने फुटलं होतं. पोरवयात तो तिथे दुरुस्तीच्या कामाला लागला. फुटलेला दगड कापून काढायचा, तिथे नवा बसवायचा, कुणाला कळता कामा नये. असं पंधरा वर्षं.

"मी चांगला होतो," तो म्हणाला. "माझा सांधा कुणाला दिसत नसे. एक दिवस मलाच दिसेना. तासभर शोधत होतो. फार भीती वाटली. नोकरी सोडली."

"मग?"

"मग फोडायला शिकलो."

मी खरवडत राहिले. पण त्या दिवसापासून माझा हात जास्त नेटाने चालायला लागला.

तीन आठवड्यांनी पाणी ओतलं तेव्हा रेघ परत आली होती. तळाशी तळहाताएवढी जागा मात्र राहिली. तिथे, जमिनीलगत, छिन्नी पोचतच नव्हती. मी म्हटलं, अजून दोन दिवस द्या. त्याने बोटं दाखवली, आता चौथंही पांढरं पडलं होतं. "खलास," तो म्हणाला. हा शब्द तो आमच्या यार्डात शिकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघेवर पाचरी लागल्या. प्रत्येकीवर एक घाव, ओळीने. मग थांबायचं, ऐकायचं. पुन्हा ओळीने. मध्येच त्याच्या उजव्या हातातून हातोडा निसटला. त्याने तो डाव्या हाताने उचलला आणि पुढची पाचर मारली. सगळं यार्ड काम सोडून उभं होतं. मी तोंडावर हात दाबून धरला होता. आतून एक बारीक 'कट्' झालं आणि दगड उघडला.

अगदी सरळ! फक्त तळाशी, माझं रेझिन राहिलं होतं तिथे, एका बाजूचा टवका उखडून दुसऱ्या बाजूला चिकटून राहिला. मी भर यार्डात रडले. म्हाताऱ्याने त्या टवक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ठीक आहे. हेही झालं."

अंगणात दोन्ही अर्धे उभे केले त्या दिवशी इमारतीचा साहेब बघायला आला. खाली वाकला, तळाशी बोट दाखवून मला म्हणाला, "मॅडम, इतना भर दो. दस मिनट का काम है."

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला.

"दहा मिनिटांचं काम आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?" मी मराठीतच सुरू झाले, मग भानावर येऊन हिंदीत म्हटलं, "नहीं भरेंगे. कोई हाथ नहीं लगाएगा. नोकरी घ्यायची तर घ्या. खलास!" शेवटी पुन्हा मराठीच आली तोंडात.

मॅनेजरच्या पाचावर धारण बसली. साहेबाने खांदे उडवले आणि तो पुढे गेला.

म्हाताऱ्याला शब्द कळले नव्हते. त्याने डाव्या हाताने बादली भरून आणली आणि माझ्यापुढे धरली. मी पाणी ओतलं. दगड वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. वरपासून खालपर्यंत रेघ दिसली, तळाशी वाकडी. खडू माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही.