चाकं तीच

“ह्या वेळेला बघ!” असं म्हणून दादा ब्रशची दांडी माझ्या टकलावर वाजवायचा. टकटक, दोनदा. माझ्या टकलाचा एवढा उपयोग माझ्या बायकोनं पण कधी केला नाय.

दादा म्हंजे सख्खा नाय, कामावरचा. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात तो आखणीला होता, म्हंजे मूर्तीचे डोळे काढायला. मी पॉलिशपेपर घेऊन बाप्पाचं पोट घासायचो. पोटाला अक्कल लागत नाय म्हणून शेठनं मला तिथं बसवलेला. शाळेचं म्हणाल तर दुसरी दोनदा केली. माझ्या शाळेचा दुसरा भाग निघाला, तिसरा आलाच नाय.

भाग हा शब्द दादाचा. त्याला एका गेमचं याड. टीव्हीवर एक पोरगा चाकाच्या फळीवर उभा राहतो आणि जिन्यावरनं, कठड्यावरनं उड्या मारतो. त्याचे भाग निघायचे. नवीन भाग येतोय असं कळलं की दादा रोह्याहून गाडीनं यायचा तोच शीळ घालत. “ह्या वेळेला बघ! रस्ते मोठे केलेत!” टकटक.

भाग यायचा. दोन दिवसांनी दादाची शीळ बंद.

“काय दादा, रस्ते?”

“रस्ते मोठे रे. चाकं तीच.”

मग परत जुना दुसरा भाग लावून बसायचा. म्हणायचा, त्यात पोराला नुसती फळी दिलीय आणि मोकळं सोडलंय. पुढच्या भागांत गाड्या घातल्या, भांडणं घातली, उडीतली मजा गेली. एवढं बोलून मोबाईलवर पुढचा भाग कधी येतोय ते बघायचा.

एका भागाबरोबर तर खरीखुरी प्लास्टिकची फळी आली. पायाखाली घ्यायची, आपण वाकलो की टीव्हीतला पोरगा वाकणार. मला रोह्याला, अष्टमी गावातल्या घरी बोलावलं. “च्या ठेव गो,” वहिनीला सांगितलं आणि मला फळीवर चढवलं. मी वाकलो. टीव्हीतला पोरगा हलला नाय, मी सोफ्यावरनं थेट किचनच्या दारात. वहिनी कप घेऊन उभी. “भावजी, बसून घ्या की. च्या तिकडंच आणत होते.”

दर सीझनला शेवटचा गणपती गाडीत चढला की दादा ब्रश धुताना म्हणायचा, “बस. आता नाय येणार. तेच डोळे काढून कंटाळा आला.” आणि पुढच्या वर्षी हजर. आम्ही कोण मनावर घेत नव्हतो.

गेल्या वर्षी ब्रश धुतले आणि काहीच बोलला नाय. खरंच सोडलं त्यानं. रोह्याजवळच धाटावला कंपनीत लागला, शिफ्टमध्ये. फोन केला तर म्हणे, “बरं हाय रे. इथं कोण डोळे मागत नाय.”

दुसरा माणूस ठेवायचा की दादाला आणायचा, हे शेठनं माझ्यावर सोडलं. म्हणाला, “तुझं ऐकतो तो.” माझं तर माझं टक्कल पण ऐकत नाय.

अशात वडखळ नाक्यावर मला भला मोठा बोर्ड दिसला. एक पोरगा फळीवर उभा, हवेत, आणि बाजूला दहाचा आकडा. अक्षरांशी माझं वाकडं, पण आकडे कळतात. दादाचे नऊ भाग झालेले. मी फोन लावला, “दादा, दहावा आला! वडखळला बोर्ड लागलाय!”

“थांब तिथंच!” म्हणाला. मोबाईलवर बघितलं असतं तरी चाललं असतं, पण धीर कुठला. शिफ्टवरनं सुटून, कंपनीच्या कपड्यांतच बाईक हाणत आला. मान वर करून वाचलं. आणि खाली बसला, तिथंच, रस्त्याच्या कडेला. हसून हसून डोळ्यांतून पाणी.

“अरे गाढवा, प्लायवूडची जाहिरात हाय! दहा वर्षं वाळवी लागणार नाय म्हणतायत!”

मी म्हटलं, “मग फळीच झाली ना?”

आणखी हसला. मग मी विचारून घेतलं. “दादा, ये की परत.”

“तेच डोळे रे.”

“चाकं पण तीच म्हणतोस. तरी आलास ना पळत?”

दादा उठला, पँट झटकली. बाईकला किक मारली. पुढं जाऊन वळला, माझ्याजवळ येऊन ब्रश नव्हता म्हणून बोटानंच टकटक केलं. “ह्या वेळेला बघ!” म्हणाला आणि गेला रोह्याकडं. गेमचं म्हणाला का बाप्पाचं, ते विचारायचं राहिलं. माझं असंच.

आता सीझन लागलाय. आखणीला अजून थोडा अवकाश हाय. दादाचा पाट मी पुसून ठेवलाय आणि रंगून झालेले बाप्पा त्याच्यासमोर लावलेत, बिनडोळ्यांचे.

शेठ काल ओरडला, “सगळ्यांची तोंडं दाराकडं कशाला केलीस रे?”

मी म्हटलं, “शेठ, रंग वाळायला वारा लागतो.”