घटाशेजारचे खडे

आमच्या वरच्या खोलीत राहणारी नंदिनी कोराडीची. वडील वीज केंद्रात होते. लहानपणी अंगणातल्या कढीपत्त्यावर राख बसायची आणि ही पोरगी एकेक पान ओल्या फडक्याने पुसायची. राखेखाली पान ऊन कसं खात असेल, याची तिला काळजी.

ते वेड गेलं नाही. आता ती कॉलेजात गरम झऱ्यांतल्या, उन्हावर जगणाऱ्या जिवाणूंवर संशोधन करते. त्यांच्यात म्हणे तांब्याचा एक अणू धरून बसलेलं प्रथिन असतं. उन्हाने सुटलेली वीज ते एकाकडून घेतं, दुसऱ्याला देतं. पंगतीत प्रसाद हातोहात पुढे जातो तसं. घेतलं की त्याचा रंग जातो, देऊन टाकलं की निळं होतं. मेथी निवडताना तिने हे सांगितलं आणि माझ्या हातातली जुडी हातातच राहिली.

त्या प्रथिनाची घडण पाहायची तर त्याचे खडे पाडावे लागतात, खडीसाखरेसारखे. मग इंदूरच्या मोठ्या यंत्रावर नेऊन त्यांतून क्ष-किरण सोडायचे. त्यासाठी प्रथिनाच्या पाण्याचे थेंब ट्रेमध्ये निवांत ठेवायचे, पण दोन वर्षं तिचे थेंब थेंबच राहिले. प्रथिन आता शेवटचं उरलं होतं. हेही वाया गेलं तर काम सोडून कोराडीच्या शाळेत शिकवायला जाईन, असं तिने आईला सांगून ठेवलं होतं, आणि आईने तिथल्या मोठ्या बाईंना विचारूनही ठेवलं होतं. त्यात कॉलेजात फरशी फोडणं सुरू झालं, अन् थेंबांना तर हादरा चालत नाही.

"काकू, तुमच्या देवघरात ट्रे ठेवू का? तिथं कोणी धक्का लावत नाही," तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी घट बसणार होते. मी म्हटलं, ठेव. नवरात्रात त्या खोलीतलं आम्ही काहीच हलवत नाही. मी मिक्सरसुद्धा बंद केला. हे जेवायला बसले की विचारायचे, "चटणी कोणाले चालत नाही वं, देवीले का त्या जिवाणूले?"

नंदिनी रोज उंबऱ्यापर्यंत यायची. मी आत बोलवायची, पण जवळ आले तर उघडून पाहीन, म्हणायची. आत समईचा उजेड, ओल्या मातीचा वास, घटातून वर येणारे पोपटी कोंब. जप करता करता माझी माळ थांबायची. वाटायचं, या कोपऱ्यात गहू उगवतोय, त्या कोपऱ्यात न दिसणारं काहीतरी आपापली जागा शोधत एकमेकांशेजारी बसतंय. मग एखादा गरम झरा दिसायचा, त्यावर ऊन, आणि पाण्याखाली कोणीतरी कोणाला काही देतंय.

दसऱ्याच्या सकाळी घट हलवला. दीक्षाभूमीला जायचं म्हणून तिची आई सिंधूताई पांढरं लुगडं नेसून आल्या होत्या. नंदिनीने ट्रेवर छोटा मायक्रोस्कोप लावला. खडे होते, पण पाण्यासारखे, बिनरंगी.

"मीठ आहे हे," ती म्हणाली. मिठाचेही असेच खडे पडतात.

सिंधूताई म्हणाल्या, चल, आधी जाऊन येऊ. ती उठली आणि परत बसली. पिवळट औषधाचा थेंब तिने खड्यांवर सोडला. ते औषध वीज काढून घेतं, म्हणाली. मिठातून काढायला काही नसतं, ते तसंच राहील.

आम्ही आळीपाळीने वाकून पाहत होतो. मग एका खड्याच्या कडेने निळं चढू लागलं, पहाटेचं आभाळ चढतं तसं, हळूहळू.

सिंधूताईंनी डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही.

"नंदे," त्या म्हणाल्या, "शाळेतल्या बाईले नाही म्हणून सांगतो मी."

मिक्सर मी त्या दिवशीही लावला नाही. खडे अजून देवघरातच होते.