हॉस्पिटलच्या पायरीवरचं गाऱ्हाणं

गाऱ्हाण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. पेडण्याजवळच्या आमच्या गावात सण असो की लग्न, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं काम माझ्या सासऱ्यांचं. आबा खड्या आवाजात देवाला साकडं घालायचे आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा!' म्हणायची. मी आपली मागे गप्प उभी. देवाला काय कमी ऐकू येतं, एवढं ओरडायला, असं मी नवऱ्याला चिडवायचे. लग्नानंतर बरीच वर्षं माझी कूस उजवली नव्हती. त्याचंही गाऱ्हाणं घालून झालं होतं, त्यामुळे त्या चिडवण्यात कडवटपणाच जास्त असायचा. आबांची गंमत अशी, की देवळाबाहेर हा माणूस मुका. तलाठ्यापुढे उभं राहिलं तरी तोंडून शब्द फुटत नसे. माझ्याशीही ते थेट बोलत नसत, सुनेशी बोलायची त्यांच्यात रीतच नव्हती.

गोवा राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा मला दिवस राहिले. आठव्या महिन्यात एका सकाळी विहिरीवर असताना एकाएकी रक्त जायला लागलं. नवरा मुरगावला बंदरावर कामाला. आबांनी रस्त्यावर धावत जाऊन गावात पाव भाजून विकणाऱ्या इनास पदेराचा टेम्पो अडवला आणि गरम पावाच्या वासात मला आडवी घालून आम्ही निघालो. म्हापशाच्या वाटेवर एक खासगी हॉस्पिटल लागलं, तिथे थांबलो. दारातल्या माणसानं माझ्या साडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "यांचं नाव आमच्याकडे घातलेलं नाही. केस अवघड आहे, पुढे मोठ्या हॉस्पिटलात न्या." इनास भांडायला उठला, "अरे, वाटेर मरतली ती!" पण तो माणूस दारातून हलेना. मी पायरीवर पडले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मनात म्हटलं, बघितलंस ना देवा? तुझ्यापर्यंत काही म्हणता काही पोचत नाही.

तेवढ्यात आबांचा आवाज ऐकू आला. त्यांनी टोपी काढली होती, हात जोडले होते, आणि त्यांना येत होतं तेच ते करत होते. "बा देवा म्हाराजा! ह्यां माझां चेडू आज ह्या दारात इलां आसा. ह्येका भायर ठेव नको. आत बसलेल्यांका बुद्धी दे. ह्येचो जीव राख रे म्हाराजा!" चेडू म्हणजे लेक. मला त्यांनी कधी नावानंही हाक मारली नव्हती. व्हरांड्यात बसलेली माणसं वळून बघायला लागली. मग बाकावरची पायाला बँडेज बांधलेली एक म्हातारी म्हणाली, "व्हय म्हाराजा!" पुढच्या वाक्याला सगळा व्हरांडा म्हणाला. इनास ख्रिश्चन, पण त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्या आवाजानं आतून एक बाई बाहेर आल्या. पांढरे केस, साधी सुती साडी. त्यांनी माझी नाडी धरली आणि दारातल्या माणसाला म्हणाल्या, "मी डॉक्टर आहे. अशा रुग्णाला दारातून परत पाठवता येत नाही, कायदा आहे. आधी रक्त थांबवा, मग कुठं न्यायचं ते बघू. स्ट्रेचर आणा." स्ट्रेचर आलं. पुढचं मला आठवत नाही. त्या बाई तिथल्या नव्हत्याच, कुणा नातेवाइकाला भेटायला आल्या होत्या, एवढंच नंतर कळलं. पुष्कळ शोधलं, पण त्यांचं नावही मिळालं नाही.

मी वाचले. बाळ राहिलं नाही.

घरी आल्यावर माझ्या मनात एकच काटा सलत होता. देवानं ऐकलं, तर अर्धंच का ऐकलं? एक दिवस रीतभात बाजूला ठेवून मी आबांना विचारलं, "बाळासाठी का नाही मागितलंत?" अंगणाकडे बघत ते म्हणाले, "बाळाची याद इलीच नाय गे. माका तेव्हा तूच दिसत होतंस."

मी खूप रडले, पण काटा निघाला. ज्याच्यासाठी हात जोडले गेले होते, ते सगळं मिळालं होतं. जे गेलं, ते माझ्या हातातलं कधीच नव्हतं. त्या बाईंना त्या दिवशी तिथे कुणी आणलं, याचा वाद मी घालत नाही. एवढंच कळतं, की जीव अडलेल्या माणसाला आधी आत घ्यायचं, मग ते हॉस्पिटलचं दार असो की देवाचं.

पुढच्या जत्रेला आबांनी नारळ ठेवला. मी मागे उभी राहिले नाही. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, आणि इतर कुणी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "व्हय म्हाराजा!"