रेडिओवरच्या बाईंचे दात

कवळीकाकांच्या तोंडात तीळ भिजत नसे. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचं त्यांचं काम. जिन्याखालच्या खोलीत, प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीत, मेण वितळवत आणि दात बसवत त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा साचा पाठवत. सोबतच्या चिठ्ठीवरचं नाव कुणा बड्या माणसाचं निघालं की काकांना त्या दिवशी दोन घास जास्त जात. मग मंत्र्यांचं हसू आपल्या हातचं, अमक्या पैलवानाचे पुढचे चार आपले, हे भेटेल त्याला ऐकवणं आलंच.

काकूंचा धाकटा भाऊ दर रविवारी जेवायला यायचा आणि काकांना डिवचायचा. "दाजी, यातल्या एकाने तरी तुम्हाला पाहिलंय का? तुमची भेट झाली ती प्लास्टरशी." हे खरं होतं, म्हणूनच काकांना झोंबायचं. एकदा तरी एखादं मोठं माणूस आपल्या समोर बसावं आणि ते या मेहुण्याला ऐकवावं, एवढीच त्यांची हौस उरली होती.

एका दुपारी तोंडावर रुमाल धरलेल्या एक म्हाताऱ्या बाई खोलीत आल्या. त्यांनी पाठ फिरवून कवळी बसवली आणि विचारलं, "ही तुम्हीच केलीत ना?"

काका उठूनच उभे राहिले. हा आवाज ते तरुणपणापासून ऐकत आले होते. दर रविवारी रेडिओवर गोष्ट सांगणाऱ्या त्याच बाई. फक्त मध्ये कुठेतरी शिट्टी वाजत होती.

"टोचतेय का कुठे?" काकांनी विचारलं.

"टोचत नाही. पण ही बोलतेय ती दुसरीच कुणीतरी आहे. डॉक्टर म्हणतात, होईल सवय. मला या रविवारी बोलायचंय. आणि माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती, ती कुठे गेली? फोटो पाठवला होता मी."

फोटो आला होता, चिठ्ठीवर नावही होतं; रविवारी मेहुण्यासमोरच सांगू म्हणून काकांनी ते कसंबसं पोटात ठेवलं होतं. फट काकांनी पाहिलीही होती. पण ज्या बाईंचा आवाज देवघरातल्या समईसारखा जपून ऐकला, त्यांच्या तोंडात फट ठेवायला त्यांचा हात धजला नव्हता. सगळ्यात देखणे दात निवडून त्यांनी एकाला एक लावून बसवले होते.

"तुमच्यासारख्यांना ती शोभणार नाही असं वाटलं," ते पुटपुटले.

"अहो, रेडिओवर शोभायचं कुणाला?"

काकांनी हात पुढे केला आणि बाईंनी कवळी काढून दिली. त्याबरोबर गाल आत गेले, ओठ मिटून गेले. काका पटकन कामाकडे वळले. पुढचे दात सोडवून त्यांनी मेणात बसवले, फट ठेवली. बाईंनी कवळी परत लावून बाकावरचं वर्तमानपत्र वाचून पाहिलं. शिट्टी वाजलीच. काकांनी दात केसभर हलवले. पुन्हा वाचन, पुन्हा मेण. काका भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आता तुम्ही बोलताय." बाईंनी मान डोलावली.

"पक्की करून शनिवारी डॉक्टरांकडे पोचवतो," काका म्हणाले.

निघताना बाईंनी विचारलं, "घरी सांगाल का, मी आले होते ते?"

"खरं सांगू? सांगितल्याशिवाय मला राहवायचं नाही."

बाई हसल्या, रुमालाआडून. "इतक्या वर्षांत लोकांनी मला पाहिलेलं नाही. नुसत्या आवाजावरून त्यांनी एक बाई मनात धरलीय. तिला दात आहेत. तेवढे राहू देता आले तर बघा." शपथ वगैरे त्यांनी घातली नाही.

त्या दिवसापासून काकांचा जीव टांगणीला लागला. दोनदा गोष्ट जिभेवर आली, दोनदा त्यांनी पाणी पिऊन ती गिळली. काकूंनी विचारलंही, पोट बिघडलंय का म्हणून.

रविवारी जेवणं झाली आणि रेडिओ लागला. गोष्ट सुरू झाली. काका कान देऊन ऐकत होते. पहिलं वाक्य स्वच्छ गेलं, दुसरंही. एकही शिट्टी नाही. काकू म्हणाल्या, "मध्ये दोन महिने नव्हत्या, पण आवाज आहे तस्साच."

"एवढ्या वयात?" मेहुणा म्हणाला. "कवळी असणार ताई, पैज लावतो. दाजी, तुमचा धंदा आहे, तुम्हीच सांगा."

असा मोका आयुष्यात पुन्हा येणार नव्हता. काकांनी रेडिओकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "कवळी अशी बोलत नाही. दात त्यांचेच आहेत."

मेहुणा मांडीवर थाप मारून हसला. "चला, एका तरी मोठ्या माणसाचे दात दाजींनी केले नाहीत म्हणायचे."

"नाही केले," काका म्हणाले. "आता गप्प बस, ऐकू दे."